बाबलीची रायफल

सही करायला म्हणून सत्यवान आला होता, पण अर्धा तास झाला तरी त्याने कागदाला हात लावला नव्हता.

कसालहून दोन गाड्या बदलून तो आरोंद्याला पोचला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. बर्फाने त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं नेली होती, त्यामुळे हातात काठी होती. चिन्यांच्या कैदेतून सुटून त्याला जेमतेम महिना झाला होता. गुणाजी कुबलाने तीन पत्रं धाडून त्याला बोलावून घेतलं होतं. गुणाजीचा मुलगा बाबली ज्या चौकीवर पडला, तिथून जिवंत परतलेला हा एकटाच.

समोरच्या भिंतीवर गुणाजीच्या नऊ रायफली टांगल्या होत्या. त्या बघायला वेंगुर्ल्याहूनसुद्धा माणसं येत.

गुणाजीचे वाडवडील मासे मारणारे. हा पलटणीत गेला, आफ्रिकेची वाळू आणि ब्रह्मदेशाचा पाऊस पाहून आला, आणि येताना हे वेड घेऊन आला. इटालियनांची कार्कानो, जपान्यांची अरिसाका, तुर्कांची माउझर, आजोबांच्या काळातली मार्टिनी. एखादी वाडी संस्थानातल्या सरदाराच्या माळ्यावरून मिळाली, एखादी मुंबईच्या गोदीतल्या भंगारातून. परवान्यांसाठी त्याने रत्नागिरीच्या कचेरीत चपला झिजवल्या. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड वर्षभर तग धरत नाही, पण त्याच्या एकाही रायफलीवर गंजाचा ठिपका नव्हता. सकाळी उठून आधी त्यांची सेवा, मग चहा. देवांच्या वाट्याला एवढी आंघोळ येत नाही, असं त्याची बायको तुळसा म्हणायची.

बाबली या भिंतीखालीच वाढला. सातव्या वर्षी तो डोळे बांधून गोळी आत सारणारा बोल्ट खोलायचा आणि परत बसवायचा.

पुढे तो फौजेत गेला, त्याला थ्री-नॉट-थ्री रायफल मिळाली. ‘नाना, तुमच्या भिंतीवरल्या बंदुकीची बहीणच माका दिली हा,’ असं त्याने हौसेने लिहिलं. गुणाजीने ते पत्र गावभर वाचून दाखवलं. त्याच्याकडची थ्री-नॉट-थ्री पहिल्या महायुद्धातली होती. गणपतीत दुसरं पत्र आलं. आता वर डोंगरात आणलंय, ओल फार, बोल्ट जड जातो, काय करू? गुणाजीने त्याच दिवशी चार पानी उत्तर लिहिलं.

नोव्हेंबरात तार आली.

सुटून आल्यावर सत्यवानाने दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं. बाबली शेवटपर्यंत जागचा हलला नाही, त्याची रायफल ऐनवेळी चालली नाही, एवढंच त्यात होतं. ती दुसरी ओळ गुणाजीने घट्ट धरली. गावाला शाळेला बाबलीचं नाव द्यायचं होतं, त्याने नको म्हणून सांगितलं. फौजेचा साहेब भेटायला आला, त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. माझा मुलगा चिन्यांनी मारला नाही, कुजकी बंदूक देणाऱ्यांनी मारला, असं तो बाजारात भर गर्दीत सांगे. लोक मान खाली घालत. आता त्याने अर्ज लिहिला होता. बाबलीचं गणपतीतलं पत्र पुरावा म्हणून जोडलं होतं. सोमवारी एक पुढारी तो दिल्लीला नेणार होता. त्यावर प्रत्यक्ष पाहणाऱ्याची सही तेवढी हवी होती.

सत्यवानाने अर्ज दोनदा वाचला. सगळ्यांना त्याच सालच्या रायफली होत्या, असं तो खालच्या आवाजात म्हणाला.

मग सगळ्याच कुजक्या, गुणाजी म्हणाला.

“माजी चलली, नानानू.”

“तुजा नशीब.”

तुळसाने कोकमाचं सरबत आणून ठेवलं आणि ती दाराशी उभी राहिली. सत्यवानाने पेला उचलला नाही. गेलेला माणूस कागदाने परत येत नाही, शाळेला नाव देऊ द्या, हा अर्ज राहू द्या, असं तो परत परत विनवत राहिला. गुणाजीचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला.

“भियालंस,” तो म्हणाला. “फौजेची भाकरी जायत म्हणान भियालंस. माज्या झिलाच्या बाजूक बसान जेवलंस, आणि आता त्याच्यासाठी नाव लिवूक तुजो हात उठना नाय. तिकडे पण असोच पळालो असशीत.”

सत्यवानाने मान वर केली. तो काठी घेऊन उठला आणि दाराकडे वळला. तिथे तुळसा उभी होती. ती बाजूला झाली नाही.

“काय झाला ता सांग रे पुता,” ती म्हणाली. “ह्यांका नको सांगू. माका सांग.”

सत्यवान बोलू लागला, ते तिच्याकडेच तोंड करून. ऑक्टोबरात बाबलीला घरून पार्सल आलं, त्यात खोबरेलाचा डबा होता. सोबतच्या चार पानांत लिहिलं होतं की बोल्टला सगळीकडून चोळ, आणि कोणी काही म्हटलं तरी पुसू नको, कोरडी बंदूक मेली म्हणून समज. बाबलीने ते तेल सगळ्यांना वाटलं, सगळ्यांनी लावलं. मग बर्फ पडला. तेल थिजून मेणासारखं घट्ट झालं.

“सुभेदारान पुसूक सांगल्यान, म्हणान आमी सगळ्यांनी फडक्यान पुसून काढला,” सत्यवान म्हणाला. “बाबलीन पुसूक नाय. तो माका हसलो, आणि म्हणालो, ‘माज्या नानापेक्षा बंदुकीतला कोणाक कळता?’”