दुसऱ्याचं नाक

कापसाची काडी नाकात खोल गेली तसं विष्णूच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षं तो दिघ्यांची गाडी चालवत होता, पण त्यांच्या सोफ्यावर आज पहिल्यांदाच बसला होता. तेही अगदी कडेला.

"पेशेंट का नाम?" लॅबच्या माणसानं विचारलं.

"मानस दिघे," दारात उभ्या मानसनं सांगितलं. "उम्र बयालीस."

विष्णू पन्नाशीचा होता. लॅबचा माणूस प्लास्टिकच्या पोशाखात घामानं निथळत होता, त्याला अजून दहा घरं करायची होती. त्यानं लिहून घेतलं. मग मानसच्या बायकोची, शलाकाची पाळी आली. तिनं स्वतःच्याच नावानं नमुना दिला.

उदयपूरचे तीन दिवस ठरले होते. वर्षभर घरात कोंडून घेतल्यावर नवराबायकोला कुठंतरी जायचं होतं. तळ्याकडच्या खिडकीची खोली शलाकानंच निवडली होती. विमानतळावर बहात्तर तासांच्या आतला कोरोनाचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवावा लागणार होता, आणि परवापासून मानसला कशाचाच वास येत नव्हता.

"नकली रिपोर्ट चालत नाही, कोड स्कॅन करतात," तो शलाकाला म्हणाला होता. "रिपोर्ट खरी पाहिजे. नाक कोणाचं का असेना."

विष्णूला त्यानं वेगळं सांगितलं होतं. "तुझीपण जाँच फुकटात होऊन जाते भिया, बिल माझ्या नावावर. माझी मी मागून देतो."

शलाका तेव्हा उदयपूरची बॅग भरत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मानस पोहे खात असताना फोनवर रिपोर्ट आले. चव लागत नाही म्हणून त्यानं पोह्यांवर जीरावन मसाल्याचा थरच दिला होता. वाचता वाचता त्याचं चावणं थांबलं.

"तुझी निगेटिव्ह आहे. माझी पॉझिटिव्ह."

"तुझी?"

"म्हणजे त्याची." त्यानं पुढचा चमचा तोंडात घातला. "नशीब बघ. एवढ्या इंदुरात मला हाच सापडला. शेजारच्या रजतच्या माळ्याला बोलवायला पाहिजे होतं."

त्याच्या ओठाच्या कडेला पोह्याचा एक पिवळा दाणा चिकटला होता. बोलताना तो हलत होता. शलाकानं आपली प्लेट दूर सारली.

"विष्णूभाऊंना फोन कर."

"कशाला? घाबरून जाईल. जाँच मैंने दी थी म्हणून चार लोकांना सांगत बसेल, मग लफडा. पंधरा दिवस येऊ नको सांगतो ना त्याला. पगारी सुट्टी. अजून काय पाहिजे?"

"त्यांचे वडील दम्याचे आहेत. एका खोलीत राहतात ती माणसं, मानस."

"तू उगाच ड्रामा नको करू." तो हॉटेलचा नंबर शोधू लागला. "पुढच्या महिन्याची तारीख घेऊन टाकतो. तोपर्यंत मीपण ठीक होऊन जाईन."

शलाका उठून बेसिनपाशी गेली. तिनं चूळ भरली, आरशात न पाहताच तोंड पुसलं आणि बाल्कनीत जाऊन फोन लावला.

"हां भाभीजी," विष्णू म्हणाला. "साहेबांची रिपोर्ट आली?"

"आली. पॉझिटिव्ह आहे."

"अरे देवा. त्यांना वाफ घ्यायला सांगा. काढा देऊन जाऊ का मी?"

पलीकडे कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं.

"विष्णूभाऊ, नमुना तुमचा होता."

पलीकडचा खोकला पुन्हा ऐकू आला.

"बाबांना काल मीच भरवलं," तो हळू आवाजात म्हणाला.

"त्यांना घेऊन दवाखान्यात जा. आत्ताच."

"जातो. पण तिथे कागद मागतात, भाभीजी. कागदावर तर साहेब आहेत."



तासाभरात महापालिकेची दोन माणसं पॉझिटिव्ह रिपोर्टवरचा पत्ता शोधत फाटकाशी आली. एकाच्या हातात वही होती, दुसऱ्याकडे औषधांची पाकिटं आणि फाटकावर चिकटवायचा कागद. शेजारच्या गच्चीवरून दोघीजणी वाकून बघायला लागल्या.

"मानस दिघे कौन?"

मानस मास्क लावून पुढे झाला. किंचित खोकला. मग पाकिटासाठी हात पुढे केला.

"इनकी जाँच हुई ही नहीं है," शलाका मागून म्हणाली. "सैंपल ड्राइवर का था. विष्णू शिर्के, जूनी इंदौर मोहल्ले में रहते हैं. पहले वहाँ जाइए, घर में बुज़ुर्ग हैं."

"शलाका," मानस दबक्या आवाजात म्हणाला, "लोकं ऐकतायत."

"इनको तीन दिन से किसी चीज़ की गंध नहीं आ रही," ती त्याच आवाजात पुढे म्हणाली. "इनकी भी जाँच कर लीजिए."

वहीवाला वयानं मोठा होता. त्यानं मानसकडे पाहिलं. मानसचा हात अजून पुढेच होता. वहीवाल्यानं सोबत्याला खूण केली, पाकीट परत पिशवीत गेलं. मग त्यानं विष्णूचा पत्ता दोनदा विचारून नीट लिहून घेतला, फोन नंबर घेतला, आणि वहीतल्या मानसच्या नावावर काट मारली.

"और आप?" त्यानं शलाकाला विचारलं.

"मैं वहीं बैठी थी," ती म्हणाली. "सामने."

त्यानं मान हलवली आणि 'संपर्क' असं लिहिलेल्या रकान्यात तिचं नाव टाकलं.