साहेबांची साक्ष

"साहेब, दोन मिंटं," म्हणत म्हातारा मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरला आणि त्यानं मागचं दार लोटून घेतलं.

कृष्णकांतरावांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. बाहेर शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, माणसं जमत होती. नौदलातले एवढे मोठे वकील निवृत्त होऊन गावी परतले म्हणून देवळीकरांनी त्यांचा सत्कार ठेवला होता. त्यांना स्वतःला तो नको होता. पत्नी सुधा दिवाळीच्या आधी गेली. जिच्यासोबत गावी येऊन राहायचं ठरलं होतं, तीच राहिली नव्हती.

"तुमी मले वळखलं नसन," म्हातारा म्हणाला. "मी डोमाजी. माणिकचा बाप."

नाव ऐकताच तो पोरगा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. लढाईच्या दिवसांत माणिक एका जहाजावर बॉयलरपाशी कामाला होता. आग लागली तेव्हा तो जागा सोडून वर पळाला आणि खाली दोघे जळून मेले. त्याच्यावर नौदलाच्या कोर्टात खटला चालला. सरकारची बाजू मांडली ती कृष्णकांतरावांनीच. पोरगा आपल्या मुलखातला आहे, हे त्याच्या बोलण्यावरून त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या संध्याकाळी सुधानं विचारलं होतं, "त्याला आई आहे का हो?" कोर्टाला त्याच्याशी कर्तव्य नाही, असं ते म्हणाले होते. माणिकला शिक्षा झाली. तुरुंगातच निमोनियानं तो गेला.

"बसा, डोमाजी."

"बसत नाई जी. मी आलतो तवा मुंबईले. कोर्टाबाहेर बाकावर बसून सारं आयकत होतो. तुमी काई खोटं बोलले नाई. पोट्टं पळालंच होतं."

डोमाजीनं एकदा बंद दाराकडे पाहिलं.

"पन घरी आलो तं बुढी, माणिकची माय विमला, दारातच उभी. तिले काय सांगू? सांगून देल्लं, का माणिक निर्दोष सुटला. आपल्या देवळीचे साहेब त्याच्यासाठी भांडले. मंग जहाजावर आजारी पडून गेला. तुरुंगाचं नावच घेतलं नाई. तिनं थे साऱ्या गावाले सांगतलं. आज तुमाले ओवाळाचं ताटही लोकायनं तिच्याच हाती देल्लं हाय."

"डोमाजी, उभ्या जन्मात मी कोर्टात खोटं बोललो नाही. दुसऱ्यालाही बोलू दिलं नाही."

"हे कोर्ट थोडीच हाय?" म्हाताऱ्यानं हात जोडले. "तिनं काई इचारलं तं फकस्त हो म्हनजा. लई थकली हाय थे. आता याच्यावर तिले काई सोसवनार नाई."

दारावर थाप पडली. मुख्याध्यापक प्रभाकरराव बोलवायला आले होते.

सभा सुरू झाली. प्रभाकरराव भरभरून बोलले. "आपल्याच तालुक्यातल्या एका गरीब पोरावर किटाळ आलं," ते म्हणाले, "आणि साहेबांनी ते धुऊन काढलं." टाळ्या पडल्या. कृष्णकांतराव स्वतःच्या हातांकडे बघत बसले. पुढच्याच रांगेत डोमाजी मान खाली घालून बसला होता. बायकांच्या बाजूला, ताटावर पदर धरून, एक वाळलेली म्हातारी बसली होती. तीच विमलाबाई, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. सगळे साहेबांकडे बघत होते, पण तिच्यासारखं कुणीच बघत नव्हतं.

ते बोलायला उठले. आभाराची दोन वाक्यं बोलून खाली बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ती दोन वाक्यं संपली. तरी ते उभेच राहिले.

"माणिक माझ्या चांगला लक्षात आहे," ते म्हणाले.

डोमाजीनं मान वर केली.

"धीराचा पोरगा होता. आग लागली तेव्हा बाकीचे वर धावले, हा जागेवरून हलला नाही. शेवटपर्यंत खाली राहून त्यानं सोबत्यांना हात दिला. त्याच्यावरचा आरोप खोटा होता. कोर्टानंही ते मान्य केलं. असा पोरगा ज्या घरात जन्मला, त्या घराचा सत्कार आज व्हायला हवा होता."

दुसऱ्या कुणी कोर्टात असली साक्ष दिली असती, तर त्यांनी दोन प्रश्नांत तिच्या चिंध्या केल्या असत्या. इथं कुणी प्रश्न विचारला नाही. बायका डोळे पुसत होत्या. डोमाजीनं दुपट्ट्यात तोंड लपवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. कृष्णकांतराव खुर्चीत बसले. आज सुधा असायला हवी होती, असं त्यांना फार वाटलं.

मग विमलाबाई ताट घेऊन व्यासपीठावर आली. कुंकू लावताना थोडं त्यांच्या नाकावर सांडलं. पदरानं तिनं ते हळूच पुसलं, आपल्या लेकराचं पुसावं तसं. तिनं ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि तिथंच उभी राहिली.

"पोट्टं भ्यालं नव्हतं ना जी?" तिनं विचारलं.

"नाही, माय," कृष्णकांतराव म्हणाले. "अजिबात नाही."

तिनं मान हलवली. खाली नवऱ्याकडे एकदा पाहिलं. तो आता डोळे पुसून तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता. तीही त्याच्याकडे बघून हसली. मग ताट सावरत ती साहेबांच्या कानाशी वाकली.

"साहेब, माणिकसंगं तुरुंगात असलेला पोट्टा सुटल्यावर घरी येऊन गेलता," ती अगदी हळू म्हणाली. "मले सारं ठाऊक हाय. बुढ्याले नोका सांगू."