हळदीचा मुहूर्त

आमची एसयूव्ही डिझेलपेक्षा इंजिन ऑइल जास्त प्यायची आणि खडखडाट असा करायची की घ्यायला आलेली गिऱ्हाइकं चावी फिरवताच पळायची. "हिच्यापेक्षा म्हैस परवडली असती, दूध तरी दिलं असतं," आई म्हणायची.

डोंबिवलीचं एकच गिऱ्हाईक उरलं. ते गेलं की गाडी भंगारात. पप्पांनी त्याला गाडी बघायला आमच्या बाळकुमला नेमकं शेजारच्या हर्षितच्या हळदीच्या वेळी बोलावलं. "डीजेसमोर त्याला सख्ख्या बापाची हाक ऐकू येणार नाय," ते म्हणाले.

मी इंजिन चालू केलं आणि तेवढ्यात डीजेचा जनरेटर बंद पडला.



ते फक्त गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं. बाकी अख्खी हळद आमच्या इंजिनावर नाचत राहिली.