चोरटा घास

सीलिअॅकचा आजार आहे, गव्हाचा कणही चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून ती डोळ्यांत तेल घालून पथ्य पाळत होती. महिनाभर बहिणीकडे राहिली, तर पोट शांत झालं, अंगावर मूठभर मांस चढलं. घरी परतली आणि आठवड्याभरात पुन्हा पोटात कळा सुरू!

तळमजल्यावरच्या आपल्या बेकरीतून नवरा कामाच्या कपड्यांत तसाच जेवायला वर आला. तिला पोट धरून ताटावर बसलेली पाहून त्याचं डोकंच फिरलं.

"तिकडे ठणठणीत आणि इथे आजारी? म्हणजे चोरून पाव खातेस तू!"

"अहो, पावाला हातसुद्धा लावला नाही मी!"

"खोटं बोलू नकोस!"

त्याने टेबलावर दाणकन मूठ आपटली.

बाहीवरचा मैदा भुर्रकन उडाला आणि तिच्या ताटातल्या पालेभाजीवर अलगद बसला.