वरची एक मात्रा

ब्लाँदीन बापासमोर स्वयंपाकघरातच गुडघे टेकून बसली. नवीन वर्षाच्या सकाळी थोरल्या लेकराने आशीर्वाद मागायचा नि बापाने डोक्यावर हात ठेवायचा, ही कॅनडातल्या फ्रेंच क्वेबेकात घरोघरची रीत. लग्न करून गेल्यापासून ती आज पहिल्यांदाच माहेरी आली होती.

"बाबा, आशीर्वाद द्या."

तेलेस्फोरचा हात उचललाही गेला असता. पोरीच्या केसांतलं पांढरं त्याने दारातच पाहिलं होतं. पण तिच्या मागे जावई उभा होता आणि चुलीजवळ जावयाचा म्हातारा बाप. माणसं मूळची स्कॉटलंडची. पण तेलेस्फोरच्या लेखी इंग्रजी बोलेल तो इंग्रज. तिच्या लग्नात त्याने व्हायोलिनला हात लावला नव्हता, घरची रील ही नाचाची धूनही वाजवली नव्हती. "माझ्या आजाची रील इंग्रजांच्या वरातीत वाजायची नाही," असं चर्चच्या पायरीवर चारचौघांत सांगून तो घरी निघून गेला होता. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असा माणूस.

"आधी रील," तो म्हणाला. "व्याह्यांना ऐकू दे. आपल्याकडे काय आहे ते कळू दे त्यांना."

"अरे, पोरीला उठव तरी," त्याची बहीण यूगेत म्हणाली. "गुडघे आहेत ते, ओंडके नाहीत."

"इतकी वर्षं आली नाही. आणखी दोन मिनिटं थांबेल."

त्याने खुर्चीवर बसून रील सुरू केली. दोन्ही पाय जमिनीवर ठेका देऊ लागले. दर फेऱ्याच्या शेवटी या रीलमध्ये एक मात्रा जास्त पडे. ती आजाची खूण. परका वादक तिथे हमखास आपटायचा आणि तेलेस्फोरला त्याचा कोण आनंद व्हायचा!

रील संपली तेव्हा व्याह्यांचे डोळे भरले होते. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ते म्हणाले, "मी... वाजवू का?"

"वाजवा की." तेलेस्फोरने व्हायोलिन पुढे केलं आणि मजा बघायला सरसावून बसला.

व्याही आपटले नाहीत. तीच रील, तेच चढ, तेच उतार, फक्त सरळ. वरची मात्रा तिच्यात नव्हतीच. घरातल्या सगळ्यांचे पाय ठेक्यात पडू लागले. फेरा संपताना सवयीने सगळ्यांनी एक ठोका जास्त मारला, तोवर व्हायोलिन पुढे निघून गेलेलं. एकच हशा पिकला.

"आमच्या गावची," व्याही म्हणाले. "आजी गाईची धार काढताना गुणगुणायची. तिला तिच्या आजीने दिलेली."

ब्लाँदीन अजून गुडघ्यांवरच होती. हसत होती, डोळेही पुसत होती. "बाबा, ऐकलंत? आपली नि त्यांची एकच आहे हो!"

तेलेस्फोर तेवढा हसला नाही. ज्या रीलच्या तोऱ्यात त्याने पोरीचं लग्न मुकं केलं, ती रील पोर गेली त्याच घरची निघाली होती. मग इतकी वर्षं कशासाठी गेली? हा प्रश्न त्याला सोसवेना.

"चोरली," तो म्हणाला. "आमची चोरली यांनी."

"बाबा, अहो त्यांच्या आजीची आजी—"

"ऊठ. जेवण निवतंय." त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

ब्लाँदीनने त्या दाबलेल्या हातांकडे पाहिलं. मग उठली, कोट चढवला. "अगं, दोन घास तरी," म्हणत यूगेत मागे धावली. दारात ब्लाँदीन वळली.

"ती वरची मात्रा तेवढी तुमची, बाबा. सांभाळा."

गोठलेल्या नदीच्या कडेने त्यांची गाडी निघून गेली. यूगेत भरलेली ताटं परत भांड्यात रिकामी करू लागली. तेलेस्फोर जागचा हलला नाही. शेवटचं ताट रिकामं झालं.

मग जमिनीवर त्याचा पाय आपटला. एकदाच.