चिमटा लावलेली ओळ

"मधली ओळ काय मांजराने खाल्ली?"

मित्सुए पुटपुटली, पण शेजारी बसलेल्या याएकोला नीट ऐकू गेलं. ऐकू जावं असंच ती पुटपुटली होती.

"कसली ओळ?" याएकोने चहाच्या कपात बघत विचारलं.

"मागच्या बुधवारी 'ता' झालं. आज मालकीणबाई म्हणतात 'हा'. 'ता'नंतर 'हा' येतं हे कुठल्या शाळेत शिकवतात गं?"

याएकोने सफरचंदाच्या फोडींची बशी तिच्यापुढे सरकवली. फेब्रुवारीपासून हे असंच चाललं होतं. मित्सुएने काही विचारलं की कुणीतरी तिच्यापुढे काहीतरी खायला सरकवायचं.

दर बुधवारी दुपारी इकुयोबाईंच्या छोट्याशा बारमध्ये बंदरावरची म्हातारी मंडळी गायला जमत. गाण्यांचं जाडजूड पुस्तक नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेलं. अ, का, सा, ता, ना, हा, अशा जपानी वर्णमालेच्या ओळी. एका बुधवारी एक ओळ. ज्याने त्याने त्याच ओळीतलं गाणं निवडायचं, म्हणजे कुणाचं तेच ते रडगाणं दर आठवड्याला ऐकावं लागत नसे. आणखी एक रीत होती, ती कुठे लिहिलेली नव्हती. दुसऱ्याचं ठेवणीतलं गाणं आपण उचलायचं नाही.

'ना'च्या ओळीत 'नाकानाई तोदाई' होतं. न रडणारा दीपस्तंभ. बाई आणि पुरुष, दोघांनी मिळून गायचं. ते कोझो आणि तोमिकोचं होतं. कोझो म्हणजे मित्सुएचा नवरा, आणि तोमिको गल्लीच्या टोकाला राहायची, कपडे शिवायची. मित्सुएचा आवाज खर्जातला, नवऱ्याच्या आवाजाशी त्याची टक्कर व्हायची. म्हणून तिनेच एकदा तोमिकोला हात धरून माइकपुढे उभं केलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बर्फ पडत असताना कोझो गाडी काढून तोमिकोला बोटीपर्यंत सोडायला गेला. दोघांपैकी कुणीच परत आलं नाही.

त्यानंतर इकुयोबाईंनी पुस्तकातल्या त्या पानांना कपड्यांचा चिमटा लावला. फळीवर दोघांनी विकत घेऊन ठेवलेल्या व्हिस्कीच्या बाटल्या होत्या, गळ्यात नावाच्या पाट्या अडकवलेल्या. त्या पाट्यांची तोंडं भिंतीकडे वळली. मित्सुए दारात आली की बोलणं हळू व्हायचं. याएको अधूनमधून उकडलेले बटाटे आणून द्यायची आणि दारातूनच परत जायची. घरच्या देव्हाऱ्यात सासू-सासऱ्यांचे फोटो होते. त्यांच्या शेजारी कोझोचाही मांडून टाकावा असं मित्सुएला कितीदा तरी वाटे, पण हात पुढे होत नसे.

माणसं सगळी चांगली होती. त्यांच्या चांगुलपणाच्या चिमट्यात मित्सुएची स्वतःची आवडती गाणीसुद्धा अडकली होती. तीही 'ना'चीच.

आज ती आपली ओळ परत घ्यायला आली होती. अंगात लालभडक स्वेटर, पायात कोझोचे जाड लोकरी मोजे. दाराशी बूट काढताना ते सगळ्यांना दिसले आणि सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

पहिलं गाणं तोकुजीचं झालं. पूर्वी पोस्टमन होता. अजूनही दारोदार हाक मारल्यासारखा गायचा. टाळ्या संपायच्या आत मित्सुएने पुस्तक ओढलं, चिमटा काढला आणि स्वतःच्या पांढऱ्या केसांत अडकवला.

"मित्सुए-सान," इकुयोबाई हळूच म्हणाल्या, "तो तुमच्यासाठीच लावला होता."

"मला विचारून?"

इकुयोबाई ग्लास पुसू लागल्या. तो आधीच पुसलेला होता.

"ते गाणं त्यांचं आहे," तोकुजी घसा खाकरून म्हणाला. "दुसऱ्याचं आपण घेत नाही. रीत आहे आपली."

"आहे खरी," मित्सुए म्हणाली. "मीही तसंच समजत होते."

तोकुजीने घाईघाईने सफरचंदाची फोड तोंडात टाकली.

"अगं, पण दोन माणसांचं गाणं आहे ते," याएकोने तिची बाही धरली. "एकटी कशी गाशील?"

"फेब्रुवारीपासून दोन माणसांचंच करतेय. छपरावरचं बर्फ मी काढलं, रॉकेलचे डबे मी वाहिले. तेव्हा कुणी बाही धरली नाही. सोड."

तिने यंत्रावर गाण्याचे आकडे दाबले. सूर सुरू झाले.

पुरुषाचं कडवं तिच्या खर्जात असं बसलं की तोकुजीने चघळणं थांबवलं. इतकी वर्षं ते तिच्यासाठीच शिवून ठेवल्यासारखं. बाईच्या कडव्याला मात्र आवाज वर जाईना. तेव्हा तिने ते गायलं नाही, बोलली. शब्द अन् शब्द, मासळीवालीशी भाव करावा तसं. 'वादळाला विचार, मी कधी विझले का.' शेवटची ओळ तिने उभी राहून म्हटली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इकुयोबाईंनी डोळ्यांना रुमालाऐवजी ग्लासाचं फडकं लावलं. याएको मान खाली घालून बसली होती.

मित्सुए फळीपाशी गेली. दोन्ही पाट्या तिने सरळ केल्या, कोझोची बाटली उचलून झाकण फिरवलं.

"मित्सुए-सान, ती त्यांची आहे," इकुयोबाई म्हणाल्या. "अशी कशी उघडायची?"

"का? परत येऊन मागणार आहेत?"

तिने तोकुजीचा ग्लास भरला, याएकोचा भरला, मग स्वतःचा. सगळे ग्लास हातात धरून बसले. एखाद्या तेराव्याला बसावेत तसे.

"प्या की," ती म्हणाली. "आणि जरा मोठ्याने बोलत जा माझ्यासमोर, मेलं नाहीये कुणी. माझा नवरा तोमिकोबरोबर पळून गेलाय, समुद्रापलीकडे हाकोदातेत दोघांनी संसार मांडलाय, आणि परवा मला फोन करून म्हणतो, इकडे थंडी फार आहे, माझे लोकरी मोजे पाठवून दे."