निंबाखालचे दुश्मन

गुलाबराव चपला काढायच्या आधीच म्हणाले, "बोला, भांडन काय हाय?"

भाच्याचं लग्न त्यांनीच जमवलं होतं. म्हणून सकाळी बहिणीचा, जनकाबाईचा फोन आला तसे ते मिळेल त्या गाडीनं देऊळघाटला आले. पोराचं घर मोडायला निघालं, एवढंच ती बोलली होती आणि रडू लागली होती.

अंगणात निंबाखाली, खाटेवर धम्मदीप बसला होता. त्यांचा भाचा, फौजेत मेजर. "जय भीम, मामा," म्हणत तो उठला आणि मांडीवरचा नकाशा त्यानं चटकन गुंडाळला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिथं त्याची बायको सुवर्णा, हवाईदलातली अधिकारी. भूदल, नौदल, हवाईदल यांनी मिळून मोहीम कशी आखायची हे शिकवणाऱ्या एकाच वर्गात दोघं होते. सुट्टी मिळाली म्हणून काल गावी आले होते.

"आल्यापासून एका जागी बसले नाईत, दादा," जनकाबाई म्हणाली. "हा बाहीर, सुवर्णा आत. हा पानी प्याले गेला का ते आपले कागद पालथे घालते. ते बाहीर आली का हा नकाशा झाकते. नवराबायकोत असं काय लपवाचं राह्यते?"

गुलाबरावांनी सुवर्णाला हाक मारली. ती आली आणि दाराशीच उभी राहिली.

"पोरी, यानं काही केलं काय?"

"अजून त नाई, मामा. सोमवारी करतीन."

"काय करन सोमवारी?"

"माह्या पुलावर बॉम्ब टाकतीन."

धम्मदीप हसायला लागला, आणि मधेच थांबला. "पुलाचं तुले कोनं सांगतलं?"

"कोनं नाई. तुमच्या तोंडावर दिसते."

मग सगळं उलगडलं. सोमवारी वर्गात लुटुपुटूची लढाई होती. नकाशातला देश खोटा, नदी खोटी, पूलही खोटा. वर्गाच्या दोन बाजू केल्या होत्या. हा एकीकडे, ती दुसरीकडे, आणि एकमेकांना काही सांगायचं नाही अशी ताकीद. त्यातून शिकवणाऱ्या साहेबांनी कामं मुद्दाम उलटी वाटली होती. जमिनीवरच्या मेजरला विमानं दिली होती आणि विमानवालीला पायदळ.

"विमानातलं मले काय कळते?" धम्मदीप म्हणाला. "कालपासून डोकं फोडून राह्यलो."

"मंग तिले इचार. घरातच त हाय," जनकाबाई म्हणाली.

"कसं इचारू, माय? ते दुश्मन हाय."

ती ओट्यावर बसली. कालपासून तिनं घास घेतला नव्हता. मग पदरानं तोंड पुसून तिनं सुवर्णाला विचारलं, "तुह्या बाजूचा रंग कोन्ता?"

"निळा. यांचा लाल."

जनकाबाईनं घरावरच्या निळ्या झेंड्याकडं पाहिलं.

"मंग मी सुवर्णाकडून."

"माय!"

"चूप बस. लढाई हाय."

"मी कोनाकडूनच नाई," गुलाबराव म्हणाले. "मी जेवून जातो."

दुपारी लाइन गेली, पंखा बंद पडला. पत्र्याच्या खोलीत बसवेना, तशी सुवर्णा कागद घेऊन अंगणात आली. सावली निंबाची तेवढीच, आणि खाट एकच. ती धम्मदीपकडं पाठ करून बसली. तोही वळून बसला. त्याचा नकाशा विहिरीकडं, तिचा गोठ्याकडं. दोघंही वाकून काही आखत होते, खोडत होते. थोड्या वेळानं दोघंही दमून मागं रेलले. त्याची पाठ तिच्या पाठीला टेकली. कुणीच सरकलं नाही.

जनकाबाई भाकरी आणि वांग्याच्या भाजीचं एकच ताट वाढून घेऊन आली. दोघांच्या मधे ठेवावं म्हणून तिनं जागा पाहिली. मधे जागा नव्हती.

ती ताट घेऊन तशीच ओट्यावर जाऊन बसली. भाकरीचा तुकडा मोडून तिनं तोंडात घातला.

"उठान त सांगून उठजा रे," ती खाता खाता म्हणाली. "एक उठला का दुसरा पडते."